डोनटला हात कुणाचा

सिरसाळा
८ डिसेंबर २०२४

सायली,

पत्र बघून दचकू नको. कुणी गेलं-बिलं न्हाई, समदे बरे हायेत. फोनवर तू "हो अक्का, हो अक्का" करतीस आन् गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतीस. मेसेजला निळ्या टिका येतेत, उत्तर येत न्हाई. म्हणून धाकट्याच्या वहीचं पान फाडलं. कागदाला मधीच कापता येत न्हाई.

परवा बीडला आलते. थंडी लई पडली म्हणून माझ्या संस्कृतीला शाल आन् शेंगदाण्याची चटणी द्यायची होती. ती कॉलेजातून यायची होती, म्हणलं तवर तुझ्या गोलगोड दुकानात बसावं. दाराची काच एवढी लख्ख की मला वाटलं उघडंच हाय. कपाळ आपटलं. दोन पोरी हसल्या. तू नव्हतीस, मला कुणी वळखलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई की मालकीण माझी मावसबहीण लागती. एक कॉफी आन् एक डोनट मागितला, पैसे दिले, कोपऱ्यात बसले.

सायली, तुझ्या डोनटला काय झालंय?

गाडा होता तवा त्यो डोनट मी खाल्लेला हाय. हातात घेतला की बोटं रुतायची. आता रबर झालाय. वरचं चॉकलेट मेणावानी टाळूला बसलं, ते जिभेनं खरवडावं लागलं. घशात जुन्या तेलाचा वास. कॉफी म्हणशील तर साखरेचं गरम पाणी. मी हॉटेलवाली बाई, लोक काय मागतेत त्याच्यापेक्षा ताटात काय ठेवून जातेत ते आधी बघती. तुझ्या दुकानात पोरं डोनटचा फोटू काढतेत आन् निम्मा ठेवून जातेत.

तेवढ्यात संस्कृती आली. अंगात नवं जाकीट, कॉलरीला केसं असलेलं. म्हणली, "आई, सायलीमाऊनं घेतलंय, कसंय?" मी म्हणलं, झाक हाय. शाल पिशवीतच ऱ्हायली. तशीच परत घेऊन आले, आता सासूबाई पांघरतेत.

तुझ्या धर्मराजरावांना सांग, हात बिघडलाय. हैदराबादेहून शिकून आलेला माणूस, असं कावून व्हावं?

राग मानू नको. मानलास तर मान.

वर्षा


बीड
१९ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

सा. न.

गोलगोड सुरू झाल्यापासून पोस्टमन पत्र घेऊन आत आला तो पहिल्यांदाच. आम्हाला वाटलं नगरपालिकेची नोटीस. त्यांना कोल्ड कॉफी पाजली. दोनदा मागून घेतली त्यांनी, एवढंच सांगते.

मी पण कागदावरच लिहिते. व्हॉइस मेसेज टाकला तर तू तो भज्याच्या कढईशेजारी मोठ्यानं लावशील आणि अर्धं सिरसाळा ऐकेल.

अक्का, तू बदलली नाहीस. आजोळी युसूफ वडगावला मामांनी मला मोरपंखी फ्रॉक आणला होता, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "एका धुण्यात रंग जाईल." माझं लग्न हैदराबादेत नोकरी करणाऱ्याशी ठरलं, तर म्हणालीस, "भट्टीवरचा माणूस, पोट सुटेल त्याचं." आता डोनट रबराचा झाला. माझ्या घरात काही चांगलं झालं की तुझ्या टाळूला काहीतरी चिकटतंच.

तुझ्या माहितीसाठी लिहिते. अंबाजोगाईची शाखा जोरात चालली आहे, केजची त्याहून जोरात, आणि संक्रांतीला वडवणीला उघडतो आहोत. मोहनराव म्हणून मोठे भागीदार मिळालेत. त्यांनी एकच मोठं किचन उभं केलं आहे, तिथून सगळीकडे माल जातो. मशीन आहे, चव सगळीकडे सारखी. लोकांना आवडत नसतं तर शाखा वाढल्या असत्या का?

जाकीट संस्कृतीनं स्वतः निवडलं. दुकानाबाहेर काचेपाशी उभी राहून बघत होती, मग मी आत नेलं. यात तुला वाईट वाटण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. ती इथे तीन वर्षं राहते आहे. कॉलेज करून संध्याकाळी काउंटर बघते. तिच्याशिवाय मला दुकान सुचत नाही.

वडवणीच्या उद्घाटनाला ये. पुढच्या खुर्चीत बसवीन. दाराला काच आहे, जपून ये.

दाजींना नमस्कार.

तुझी
सायली


सिरसाळा
२० जानेवारी २०२५

सायली,

वडवणीला आलते, तू बघितलंस. पुढच्या खुर्चीत बसवलंस, त्याच्याबद्दल आभार. सासूबाईंना बी सोबत आणलं, कारण मी एकटीनं काही म्हणलं की तुला पोटदुखी वाटती. सासूबाईला तुझ्याबद्दल कसलीच पोटदुखी न्हाई, तिला तर तू कोण ते बी ध्यानात ऱ्हात न्हाई. तिनं डोनटचा घास घेतला, लई वेळ तोंडात घोळवला आन् मला इचारलं, "वर्षे, हे खायाचं हाय का घासायाचं?"

मागं नळावर हात धुवायला गेलते तवा गाडी उभी होती. खोकी उतरवत होते, खोक्यांवर बर्फ. म्हंजे कवाचं तरी तळलेलं, गोठवलेलं, आन् हितं गरम करून वरून चॉकलेट ओतायचं. सायली, मी आदल्या दिवसाची भजी गिऱ्हाइकाला कवा दिली न्हाईत. माझं हॉटेल पत्र्याचं हाय, तरी न्हाईत.

अजून एक बघितलं. तुझा फोटू काढला, डोनट तोंडाजवळ नेलेला. फोटू झाला की तू त्यो तसाच ताटात ठेवलास. पुऱ्या कार्यक्रमात तू एक घास खाल्ला न्हाईस.

आता जे लिहायला बसले ते लिहिती. फीत कापताना माईकवाला म्हणला, "सायलीताई आन् त्यांची कन्या संस्कृती." टाळ्या झाल्या. मला वाटलं, तू म्हणशील की माझी भाची हाय. तू हसलीस. पोरगी बी हसली. हे माझ्या शेजारीच बसलेले. मला म्हणले, "चुकून म्हणला असंल." मी म्हणलं, चुकून म्हणला, पर कुणी चूक काढली का?

घरी आल्यापासून मला अन्न ग्वाड लागंना. खरं सांगायचं तर तुझ्या दुकानाचं, गाडीचं, एसीचं मला काही वाटत न्हाई. वाटतं, पर ते सोसतं. हे सोसत न्हाई.

संस्कृतीला आता घरी पाठव. परीक्षेपुरती जाऊन-येऊन करंल. सिरसाळ्याहून बीडला एसटी हाय.

वर्षा


बीड
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

त्या दिवशी माझा उपवास होता. म्हणून खाल्ला नाही. एवढ्या बारीक नजरेनं तू माझ्याऐवजी तुझ्या पोरीचा अभ्यास बघितला असतास तर बरं झालं असतं.

माईकवाल्यानं काय म्हणायचं ते मी लिहून दिलं नव्हतं. कार्यक्रम थांबवून, टाळ्या थांबवून मी लोकांना आमची वंशावळ सांगायला हवी होती का?

संस्कृतीला मी बांधून ठेवलेलं नाही. तिला विचारलं. ती म्हणाली, परीक्षा जवळ आली आहे, आत्ता हलायचं नाही. तुझा निरोप दिला, तुझं पत्र दाखवलं नाही.

तुला तीन लेकरं आहेत, अक्का. दोन तुझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक जरा माझ्या ताटात जेवते तर तुझं अन्न गोड लागेना. मला एकही नाही, माझं काय होत असेल याचा कधी विचार केलास? दर दिवाळीला ती "आईकडे जाते" म्हणून पिशवी भरते, तेव्हा मी काउंटरवर बसून हसतमुखानं लोकांना बॉक्स बांधून देत असते.

आणि काळजी करू नकोस, ती तुझीच आहे. परवा सगळ्या स्टाफसमोर तिनं धर्मराजांना सांगितलं, "काका, माल चांगला येत नाहीये, लोक परत येत नाहीयेत." मोहनराव तिथेच बसले होते. त्यांचा चेहरा उतरला. मी तिला नंतर आत घेऊन समजावलं की धंद्यातल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात. तर म्हणाली, "मग कुठं बोलायच्या?" बोलण्याची ढब, मान उडवणं, सगळं तुझं. तीन वर्षं माझ्या घरात राहून एक अक्षर माझं घेतलं नाही तिनं.

पुढच्या पत्रात डोनटचा विषय नको.

सायली


सिरसाळा
२४ फेब्रुवारी २०२५

सायली,

आत्ता हॉटेलात बद्रीनाथ ड्रायव्हरनं ह्यांना मोबाइल दाखवला. समद्या गाड्यांवर फिरतंय म्हणं. तुझं दुकान, एक माणूस लेकराला कडेवर घेऊन वरडतोय, लेकरू वकतंय, आन् काउंटरमागं माझी पोरगी हात जोडून उभी हाय. शेजारी कुणी जाकीटवाला माणूस कॅमेऱ्याकडं बघून म्हणतोय, "चूक या मुलीची आहे, शिळा माल तिनं दिला, आम्ही तिला काढून टाकलं आहे."

ह्यांनी पुन्यांदा लावला. तिसऱ्यांदा मी लावू दिला न्हाई.

तिचा फोन बंद येतोय. तुझा बी.

उद्या पहिल्या गाडीनं हे येतेत. पोरीचं सामान बांधून ठेव. हे पत्र त्यांच्याच हातनं देती, पोस्टावर इश्वास न्हाई ऱ्हायला.

तू कुठं होतीस?

वर्षा


बीड
१ मार्च २०२५

अक्का,

दाजी आले, तिला घेऊन गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही. तिची अर्धी पुस्तकं इथेच राहिली.

झालं ते फार वाईट झालं. पण लोक म्हणतात तेवढं मोठं नाही. त्या मुलाला दोन सलाइन लावल्या आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डोनटमधल्या क्रीमनं झालं असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही. मोहनरावांनी कॅमेऱ्यासमोर तसं म्हटलं ते त्या वेळेपुरतं, गर्दी शांत व्हावी म्हणून. धंद्यात असं करावं लागतं. संस्कृतीला कुणी काढलेलं नाही, तिची जागा आहे तशीच आहे.

मी त्या दिवशी अंबाजोगाईच्या शाखेत होते. मी इथे असते तर तिच्यावर हे येऊ दिलं नसतं, हे तुला सांगायला हवं का?

ती माझा फोन उचलत नाही. तू सांग तिला. थोड्या दिवसांत लोक विसरतील.

सायली


सिरसाळा
१० मार्च २०२५

सायली,

संक्रांतीला उपवास कुणाचा असतो, ते मला तवाच इचारायचं होतं. इचारलं न्हाई. तू खोटं बोलतीस तवा बारीक बोलतीस, हे मला आजोळापासून ठावूक हाय, म्हणून सोडून दिलं. पर हे सोडणार न्हाई.

तू अंबाजोगाईला नव्हतीस.

पोरगी आली तवापासून मुकीच होती. खायाची, धाकट्याचा अभ्यास घ्यायची, झोपायची. काल कपडे वाळत घालता घालता आपसूक बोलली. म्हणली, "आई, केबिनच्या काचेला कागद लावलाय, पर खालून ती चार बोटं मोकळी हाय. मला माऊच्या चपला दिसत होत्या. दाराला लागूनच उभी होती."

मी म्हणलं, तुला भास झाला असंल. तर म्हणली, "मला माऊच्या चपला वळखू येत न्हाईत का? मीच आणल्यात तिच्या वाढदिवसाला."

आन् रडली न्हाई. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुला शिव्या द्यायला मी चार पानं लिहिली आन् फाडली. एवढंच लिहिती. माईकवाला तिला तुझी लेक म्हणला तवा तू हसलीस. मोहनरावानं तिच्यावर खापर फोडलं तवा तू दाराआड उभी ऱ्हायलीस. टाळ्या असल्या की पोरगी तुझी, आन् शिव्या असल्या की नौकर?

हिला आता मी पाठवत नसती. उत्तर धाडू नको.

वर्षा


बीड
६ एप्रिल २०२५

अक्का,

धाडू नको म्हणालीस तरी धाडते. न वाचता चुलीत घातलंस तरी चालेल, पण मला लिहायचं आहे.

मी केबिनमध्येच होते.

त्या दिवशी सकाळी संस्कृतीनं आलेल्या मालातला एक ट्रे उचलून आत आणला आणि मोहनराव आणि धर्मराजांच्या मध्ये टेबलावर ठेवला. म्हणाली, "याला वास येतोय. माझ्या आईनं हे गिऱ्हाइकापुढं ठेवलं नसतं." मोहनराव उठून गेले. धर्मराज मात्र हसले, म्हणाले, "अगदी वर्षाताईची लेक आहेस." कौतुकानं म्हणाले.

अक्का, मला काय झालं ते कसं सांगू. तिला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी मी बसले होते. पहिल्या वर्षी नापास होता होता वाचली, तेव्हा तिच्या सरांकडे मी गेले होते. आणि एका वाक्यात ती तुझी झाली. माझा माल खराब आहे हे मला ठाऊक होतं. वर्षभर मी तो तोंडात घातला नव्हता. पण तो खराब आहे हे तिनं तुझं नाव घेऊन सांगावं? दिवसभर मी आतल्या आत धुमसत होते. तो ट्रे बाहेरच गेला. तो परत पाठवा असं म्हणणं माझ्या हातात होतं, आणि मी म्हटलं नाही.

मग दुपारी आरडाओरडा झाला. मी उठले. हात कडीवर ठेवला. आणि मनात आलं, वाचवू दे आता तिच्या आईची जीभ तिला. एवढंच आलं मनात. पण तेवढ्यात मोहनराव बोलून मोकळे झाले, आणि मग मला बाहेर यायला तोंडच राहिलं नाही.

तुझं दहा तारखेचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आजी, भिवराबाई, दारातच आडवी आली. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "तुम्ही कोन? ती काउंटरवरची पोरगी कुठंय? लेकराचं तोंड तिनं धुतलं, रिक्षात आमच्या संगट तीच बसली. तिला कावून काढलं?" हे मला ठाऊकच नव्हतं. व्हिडिओत ते नाही.

मी तिथूनच दुकानात आले, धर्मराजांना म्हटलं मोबाइल धरा. सांगितलं सगळं: माल आमचा खराब होता, आम्हाला माहीत होतं, मुलगी सकाळीच सांगत होती, ती माझी भाची आहे, माझी अक्का वर्षाराणी आणि दाजी परमेश्वर यांची लेक. तुझं नाव घेतलं मी. तू बघितलं असशील-नसशील. पहिल्या व्हिडिओसारखा तो काही फिरला नाही.

मोहनराव त्याच रात्री वेगळे झाले. गोलगोड हे नाव आणि अंबाजोगाई, केज त्यांच्याकडे गेलं. वडवणीला कुलूप लागलं. बीडच्या दुकानावरची पाटी उतरवली, आत नुसत्या खुर्च्या आहेत. धर्मराज माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील.

संस्कृतीला माझा निरोप देऊ नकोस. देऊन उपयोग नाही. पुस्तकं आणि जाकीट पार्सल केलं आहे, परीक्षेच्या आत पोचेल.

सायली


सिरसाळा
१५ जून २०२५

सायली,

तुझं पत्र चुलीत घातलं न्हाई. सासूबाईच्या ट्रंकेत ठेवलंय. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलंय.

पोरगी परीक्षेला हितूनच गेली. वडवणीवरनं, धुळीत, उभ्यानं. पेपर बरे गेले म्हणती. तुझा दुसरा व्हिडिओ ह्यांनी तिला दाखवला. बघितला, मोबाइल परत दिला आन् पुस्तक उघडून बसली. तू माझं नाव घेतलंस ते मी ऐकलं. ह्यांनी दोनदा लावून ऐकवलं.

परीक्षा झाल्यावर पोरगी हॉटेलात येऊन बसायला लागली. एक दिवस ह्यांना परळीहून खमीर आणायला सांगितलं. मला वाटलं पाव करती. माझ्या परातीत मैदा घेतला, दूध, लोणी, काय काय घातलं, आन् मळायला बसली. मी म्हणलं, सोड, मी मळती, तुझं मनगट दुखंल. तर म्हणली, "तुला जमणार न्हाई आई, ह्याला येगळं मळावं लागतं." मला! जन्म गेला माझा कणकीत.

पीठ चुलीच्या उबेला झाकून ठेवलं. फुगून वर आलं. पेल्यानं गोल पाडले, बाटलीच्या झाकणानं मधी भोक. कढईतलं माझं तेल ओतून दिलं, नवं घेतलं. तळून साखरेत घोळवून एक माझ्या हातात दिला.

सायली, बोटं रुतली, आन् खाल्ला तर तुमच्या गाड्यावरचीच चव.

मी इचारलं, "धर्मराजरावांनी शिकवलं का?"

पोरगी हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणली, "काकाला पीठ भिजवता येत न्हाई, आई. ते हैदराबादेत बी गल्ल्यावरच होते. गाडा होता तवापासून समदे डोनट माऊच करायची. पहाटं उठून. मी आले त्या वर्षी मी बी तिच्या संगट मळायला बसायची. मोहनरावांचं किचन झालं तवा तिची परात माळ्यावर गेली."

मी म्हणलं, "मग इतकी वर्षं सांगितलं कावून न्हाई कुणी?"

तर म्हणली, "माऊच नको म्हणायची. म्हणायची, तुझ्या आईला कळलं तर ती म्हणंल, शेठाणी व्हायला गेली आन् भटारीण झाली."

आन् सायली, मी तसंच म्हणले असते. शब्द बी हेच वापरले असते.

आता तुला वाटंल की मला लई आनंद झाला. न्हाई झाला. माझ्या चुलीवर, माझ्या कढईत, माझ्या पोटच्या पोरीच्या हातानं करून बघितलं तर चव तुझी! तू लिहिलंस की पोरीनं तुझं एक अक्षर घेतलं न्हाई. जीभ माझी घेतली असंल तिनं, हात पुरा तुझा घेतलाय. मळताना ओठ मुडपती, ते बी तुझ्यावानी. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले न्हाई. तिला वाटलं तेल जास्त लागलं म्हणून.

पर धंद्याचं खोटं मला बोलता येत न्हाई. बाजाराच्या दिवशी लोक भजी सोडून डोनट मागतेत. मालाच्या गाडीवाले बांधून नेतेत. बद्रीनाथ ड्रायव्हर, ज्यानं त्यो व्हिडिओ दाखवला, त्यो आता रोज गाडी थांबवतो. ताटात काही ऱ्हात न्हाई, साखर सुदीक बोटानं पुसून खातेत. परवा सासूबाईनं दोन खाल्ले आन् तिसऱ्याला हात घातला.

समदे इचारतेत, हात कुणाचा? मी सांगती, माझ्या लेकीचा. खोटं हाय का? न्हाई. पर पुरं खरं बी न्हाई, हे मला सांगताना कळतं. पोरगी ऐकती आन् खाली बघती.

तर ऐक. तुझं नाव मी माझ्या तोंडानं घेणार न्हाई. तू माझ्या पोरीला दाराआडून बघत ऱ्हायलीस, ते मी इसरले न्हाई आन् इसरणार बी न्हाई. पर तुला नाव पायजे असंल तर माळ्यावरची परात काढ आन् ये. हितं चुलीपुढं बस, आन् लोकांनी इचारलं की तुझ्या तोंडानं सांग. धर्मराजरावांना बी आण. घरात बसून माणूस कुजतो. गल्ला बघतील, माझे हे हिशेबात कच्चे हायेत.

बाजाराच्या आदल्या दिवशी आलीस तर बरं. त्या दिवशी पीठ जास्त लागतं आन् पोरीचं मनगट सुजतं. ती सांगत न्हाई, पर मला दिसतं.

तुला बोलावलंय हे मी तिला सांगितलेलं न्हाई. तू एसटीतून उतरलीस की ती हातातलं टाकून तुझ्याकडं पळंल, रडंल, ते मला म्हाईत हाय. मला ते बघायचं न्हाई. मी त्या वक्ताला मागं लाकडं फोडत असंन. तुमचं रडून झालं की हाक मार, मंग येती.

वर्षा